भिंतीवरची सवत

संस्थेत तिला टाचणी म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती तिथे कुणाची नव्हती. सत्तावीस वर्षे तिने वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळला होता, आणि या सत्तावीस वर्षांत कुणाची एक चूक न टोचता सोडली नव्हती. एक लाख चौदा हजार नमुने पोलादी कपाटांत, डांबरगोळ्यांच्या वासात, आपापल्या कागदाला चिकटून पडले होते. त्यांतला मागाल तो ती अडीच मिनिटांत काढून देई. जिवंत झाडांशी तिचे फारसे सख्य नव्हते. जिवंत झाड वाढते, किडते, आणि मुख्य म्हणजे नोंदीप्रमाणे वागत नाही.

नवव्या क्रमांकाच्या कपाटात मात्र एक घडी, म्हणजे नमुना ठेवायचा दुमडलेला जाड कागद, रिकामी होती. त्या घडीत पूर्वी एका वेलगुलाबाचा नमुना होता. तिच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती फूल उलगडून वाचायला शिकली त्यांनी, तो तरुणपणी कुठल्याशा पडक्या कुंपणावरून आणला होता. ज्या वर्षी छप्पर गळत होते त्या वर्षी संस्थेने संचालकांच्या दालनाला नवे पडदे घेतले, आणि ओल आलेला नमुना किड्यांनी खाल्ला. उरले ते सरांचे लेखी वर्णन. पुढे सात जणांची एक समिती बसली. सातांपैकी सहा जणांनी गुलाब फक्त सत्काराच्या वेळी हातात धरलेला. त्यांनी वर्णनातले एक वाक्य मोठ्याने वाचले, ‘या फुलाला जवळून वास नाही, वास फुलापासून चार हातांवर सुरू होतो’, आणि सगळे हसले. सर कवी झाले, म्हणाले. घडीवर शिक्का बसला: संशयास्पद. सर त्यानंतर सहा वर्षे जगले आणि एका शब्दानेही त्याविषयी बोलले नाहीत. अंत्ययात्रेला त्याच समितीचे अध्यक्ष भला मोठा हार घेऊन आले होते. गुलाबांचाच. टाचणीने तो हार पाहिला आणि त्या दिवसापासून तिचा राग गोठला. उकळणारा राग निवतो, गोठलेला टिकतो.

आणि मग वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, प्रयोगशाळेचे फाटके अॅप्रन शिवायला टाकावेत म्हणून ती एका अरुंद गल्लीत शिरली, आणि वळणावर तिचे पाय थांबले.

वास होता. लवंगेसारखा, पण ओला. ती वासामागून गेली. बैठ्या खोल्यांची रांग, शेवटच्या खोलीच्या दारात शिलाईयंत्र, त्यापलीकडे विटांची जुनी भिंत, आणि भिंतीवर आडव्यातिडव्या बांधलेल्या फांद्या. फुले दुधाळ, पाकळ्यांच्या पाठीवर तांब्याचा पुसट डाग. टाचणीने चष्मा सावरला आणि एका फुलात नाक घातले. काही नाही. कोऱ्या कागदाइतके काही नाही.

‘‘नाक कशाला खुपसता तिच्यात?’’ यंत्रावरून आवाज आला. ‘‘तिथे काही नाही मिळायचं. इकडे या, दाराशी. इथे येतो वास.’’

टाचणीने मागे सरकत अंतर मोजले. चार हात. बरोबर चार.

शिवणकाम करणारी ती बाई सत्तरीची होती. तोंडात सुई, गळ्यात मोजपट्टी. टाचणीने आधारासाठी दाराची चौकट धरली तेव्हा तिने यंत्र थांबवले. ‘‘चक्कर आली का? बसा. अॅप्रन उद्या देते.’’

‘‘मावशी, हे झाड कुणी लावलं?’’

‘‘सासऱ्यांनी. सासूबाई सवत म्हणायच्या तिला. कामावरून आले की आधी तिच्याकडे बघायचे आणि मग घरात. सासूबाई म्हणायच्या, माझ्याकडे बघायला यांना चष्मा लागतो, हिच्याकडे बघायला नाही.’’

‘‘आणि तुम्ही काय म्हणता?’’

‘‘सवतच म्हणते. वारसाहक्काने आली. सासूची ठुशी नणंदेने नेली, सवत माझ्या वाट्याला.’’

भिंतीवरच्या फांद्या कापडाच्या कातरणींनी बांधलेल्या होत्या: अस्तर, शर्टाच्या कडा, पडद्याची झालर. मावशी फांदी कधी छाटत नसे. कोवळी असतानाच आडवी वाकवून बांधून ठेवी. ‘‘सरळ सोडली की नुसती उंच जाते आणि फुलत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘शिकलेल्या माणसांसारखी.’’ टाचणीने हे ऐकून घेतले. संस्थेत असे बोलणारा दुसऱ्या दिवशी नोकरीचा अर्ज लिहीत बसला असता.

फूल वर्षातून एकदाच, तीन आठवडे, आणि तेही गेल्या वर्षीच्या फांदीवर. बुंधा मनगटाएवढा, अर्धा पोखरलेला. फुललेल्या फांद्या पाच. खाली सावलीत आणखी दोन, काडीसारख्या, बिनफुलांच्या. आणि सगळ्यात खाली, विटेवर, खळीने चिकटवलेली एक सूचना: नाल्याच्या रुंदीकरणासाठी ही भिंत व लगतच्या खोल्या चौतीस दिवसांनी पाडण्यात येतील, रहिवाशांना तिसऱ्या मजल्यावर पर्यायी जागा.

‘‘तिसऱ्या मजल्यावर सवत कशी न्यायची?’’ मावशीने विचारले. ‘‘मुळं हलवली तर मरेल ती. माझं काय, मला कुठेही टाका, मी शिवत बसेन.’’

टाचणी म्हणाली, ‘‘भिंत पडणार नाही.’’ पुराव्याशिवाय उच्चारलेले, आयुष्यातले बहुधा हे तिचे पहिलेच वाक्य.

*

संस्थेच्या रोपवाटिकेचा माळी दुसऱ्या दिवशी भिंत पाहून आला. त्याने बुंध्याला नख लावले, जीभ टाळ्याला लावून चक् केले, आणि मग फांद्यांकडे असे पाहिले जसे सोनार दागिन्याकडे पाहतो.

‘‘बाई, पाचही द्या. फुलं गळतात तेव्हाच डोळे पिकलेले असतात. पानाच्या बेचक्यात एकेक, असे एका फांदीवर आठ डोळे धरा. माझ्याकडे जंगली गुलाबाचे चाळीस खुंट तयार आहेत. उद्याच त्यांच्या सालीत डोळे भरतो. दहा मेले तरी तीस सवती उभ्या राहतील, मग ते भिंत पाडोत की डोंगर.’’

‘‘पाच प्रती लागतात.’’

‘‘कुणाला?’’

‘‘समितीला. फुलासकट पाच नमुने दिल्याशिवाय प्रस्ताव दाखलच होत नाही.’’

‘‘समिती लावणार आहे का त्या?’’

‘‘माळीदादा, वाळलेला नमुना हाच पुरावा असतो. पुरावा दिला की झाड मान्य होतं. झाड मान्य झालं की भिंतीला संरक्षण. मग तीसच काय, पुढच्या वर्षी तीनशे डोळे घ्या.’’

‘‘बरं, अर्धी फांदी कागदाला, अर्धी मला.’’

‘‘फांदी बुंध्यापासून टोकापर्यंत अखंड हवी. नियम आहे.’’

माळ्याने तिच्याकडे पाहिले. नियम या शब्दानंतर बोलण्यात अर्थ नसतो हे तो संस्थेतल्या बावीस वर्षांत शिकला होता.

टाचणीची मांडणी निर्दोष होती. तिने रात्रभर ती तपासली नाही, कारण तपासण्याची गरजच नव्हती. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर नीट बसत होती. त्या मांडणीच्या तळाशी एक रिकामी घडी होती आणि त्या घडीवर एक शिक्का होता, हे तिला ठाऊक होते. पण ज्याची नोंद करायची नसते, त्याकडे पाहायचे नसते, एवढी शिस्त तिने स्वतःला लावून घेतलेली होती.

तिने पाचही फांद्या स्वतः कापल्या. धार लावलेली कात्री, तिरका काप, ओल्या कापडात गुंडाळी. आत यंत्राचा आवाज थांबला होता.

‘‘लागलं का?’’ मावशीने आतूनच विचारले.

‘‘काय?’’

‘‘तुम्हाला जेवढं लागतं तेवढं मिळालं का?’’

‘‘मिळालं. आता भिंत राहील, मावशी.’’

‘‘तुम्ही म्हणताय म्हणून.’’

माळ्याला खालच्या दोन बिनफुलांच्या काड्या मिळाल्या. तो म्हणाला, ‘‘या आंधळ्या फांद्या आहेत. यांच्यावरचा डोळा धरला तर धरला, आणि धरला तरी फुलेलच असं नाही.’’ तरी त्याने त्या ओल्या शेवाळात ठेवल्या, जसे घरातले आजारी मूल उबेला ठेवतात.

*

नमुने अप्रतिम झाले. टाचणीने असे नमुने उभ्या कारकिर्दीत केले नव्हते. दर सहा तासांनी टिपकागद बदलले, पान न् पान उलटे-सुलटे दाखवले, एक फूल उभे चिरून त्यातला स्त्रीकेसरांच्या जुळलेल्या नळ्यांचा बारीक खांब मोकळा केला. सरांच्या वर्णनातला तो खांब, ज्याला समितीने ‘कल्पनाविलास’ म्हटले होते. तांब्याचा डाग वाळूनही गेला नाही. कागदावर झाड इतके पूर्ण होते की भिंतीवर त्याचे काय उरले आहे हे आठवायलाही कारण पडू नये.

समितीने नऊ मिनिटांत एकमताने मान्यता दिली. अध्यक्ष म्हणाले, आपला या गुलाबावर पहिल्यापासून विश्वास होता. कुणीही हसले नाही. संचालकांनी कागद छातीशी धरून छायाचित्र काढून घेतले. ते वर्तमानपत्रात आले, आणि खाली लिहिले होते: ‘दुर्मिळ गुलाब पुन्हा सापडला’. कुणाला सापडला हे लिहायला जागा पुरली नसावी. टाचणीला त्याचे काही वाटले नाही. ती दुपारी एकटी कपाटापाशी गेली, घडीवरचा शिक्का रेघ मारून खोडला, आत कागद ठेवला, त्यावर सरांचे नाव लिहिले. शाई वाळेपर्यंत उभी राहिली. तेवढ्या वेळात तिला वाटले की आयुष्यात एक काम नीट झाले.

मग संरक्षणाचा आदेश. तो बांधकाम खात्याला जायचा होता, मसुदा तिचाच. पहिल्या रकान्यात वनस्पतीचे नाव. दुसऱ्यात दुर्मिळतेची श्रेणी. तिसऱ्यात स्थान. अकरा वर्षांपूर्वी एका कंदाच्या वनस्पतीचा पत्ता अहवालात छापला गेला होता आणि महिन्याभरात संग्राहकांनी टेकडी खणून नेली होती. त्यानंतर संस्थेने नियम केला: अतिदुर्मिळ वनस्पतीचे नेमके स्थान कुठल्याही बाहेर जाणाऱ्या कागदावर लिहू नये. नियमाची भाषा टाचणीची होती. ती भाषा तिला आवडत असे. तिने तिसऱ्या रकान्यात लिहिले: ‘स्थान गोपनीय’. संचालकांनी सही केली. संचालक न वाचताच सही करीत, हे त्यांचे एकमेव सातत्य.

बातमी आल्यापासून दूरध्वनी वाजतच होते. एका बागवाल्याला फांदी हवी होती, एका निवृत्त माणसाला ‘फक्त बघायचं’ होतं, कुणी एक जण कुंडीसकट विचारत होता. चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा वाजला. घोगरा आवाज, मागे यंत्रांची घरघर.

‘‘ते गुलाबाचं तुमच्याकडेच ना? कुठल्या भिंतीवर आहे म्हणता?’’

‘‘आपण कोण?’’

‘‘मी इथे कामावरून बोलतोय. भिंत कुठली तेवढं सांगा, म्हणजे...’’

‘‘ती माहिती देता येत नाही,’’ टाचणी म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. तिला बरे वाटले. चोरांना असे तोंडावर नाही म्हणायला मिळणे हे तिच्या नोकरीतल्या थोडक्या सुखांपैकी एक होते.

*

चौतिसाव्या दिवशी सकाळी ती गल्लीत गेली ती भिंतीवर संरक्षित असल्याची पाटी लावायला. पाटी तिच्या पिशवीत होती, चार स्क्रूंसह.

भिंत नव्हती. खोल्यांची रांग नव्हती. विटांचा ढीग होता आणि ढिगातून कापडाच्या कातरणी लोंबत होत्या, अस्तराच्या, झालरीच्या. एक अवजड यंत्र नाल्याच्या कडेला धूळ उडवत होते. ठेकेदार पुढे आला. तिच्या हातातली पाटी वाचून त्याचा चेहरा उजळला.

‘‘म्हणजे तुम्ही संस्थेच्या! बरं झालं आलात. पत्र मिळालं होतं बरं का.’’ त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. घडीवर बोटाचे डाग पडू नयेत म्हणून त्याने हात विजारीला पुसले होते. ‘‘दोन दिवस माणसं बसवून ठेवली मी. या पट्ट्यात चारशे भिंती आहेत. प्रत्येकीवर काहीबाही उगवलेलं. वेल आहेत, झुडपं आहेत, आमच्यातल्या कुणाला काय कळतंय त्यातलं? पत्रात लिहिलंय स्थान गोपनीय. म्हटलं विचारून घ्यावं. संस्थेला फोन केला. एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, माहिती देता येत नाही. मग काय करणार? वरून विचारायला लागले, काम का थांबलंय.’’

टाचणीने पाटी परत पिशवीत ठेवली.

‘‘तुमचा गुलाब सुखरूप आहे ना?’’ ठेकेदाराने विचारले. तो खरोखर काळजीने विचारत होता, आणि हेच असह्य होते. ‘‘कुठेही असो, आम्ही त्याला धक्का लावला नाही ना?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली आणि विटा बाजूला करू लागली. बुंधा सापडला. यंत्राच्या दातांनी तो मुळापासून उभा फाडला होता. पोकळ अर्धा इकडे, भरीव अर्धा तिकडे. भरीव अर्ध्यात अजून ओल होती. माळी दुपारी येऊन तो घेऊन गेला, मातीत पुरला, सावली केली, आणि बाराव्या दिवशी उपटून टाकला. ‘‘मेला होता तो तेव्हाच,’’ त्याने सांगितले. ‘‘मी तुमच्यासाठी पुरला.’’

*

दोन आंधळ्या काड्यांवरून माळ्याने अकरा डोळे भरले होते. एक धरला.

तो डोळा फुटला आणि खुंटाच्या बाजूने वीतभर कोवळा धुमारा वर आला, तांबूस, पाच पाने. जगात त्या झाडाचा जिवंत अंश तेवढाच. माळी रोज सकाळी त्याच्याकडे जायच्या आधी चप्पल काढत नसे एवढेच, बाकी सगळे देवघरासारखेच चालले होते.

महिन्याने संचालकांनी बोलावले. परदेशी अभ्यासमंडळ येणार होते आणि त्यांना भेट द्यायला सहावी प्रत हवी होती.

‘‘झाड उरलेलं नाही, साहेब.’’

‘‘रोपवाटिकेत आहे असं कळलं.’’

‘‘वीतभर धुमारा आहे. एकच.’’

‘‘मग तोच. लहान असला तरी चालेल. फक्त अखंड हवा हं, बुंध्यापासून टोकापर्यंत. तुम्हीच म्हणता ना नेहमी.’’ संचालक प्रेमळ हसले. ‘‘तुमच्यासारखा नमुना कुणालाच जमत नाही. तीन दिवसांत होईल?’’

ती कार्यालयात परतली. तिने केलेले पाच कागद आठवले: बुंध्यापासून टोकापर्यंत, एकूण चाळीस डोळे, प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक, डिंकाने चिकटवलेला. ते आता ती न मोजता सांगू शकत होती. संचालकांवर रागवायला ती मोकळी होती, आणि समितीवर, ठेकेदाराच्या वरच्यांवर. तो राग तिला लागलाच तर उपलब्ध होता. पण नियमाची भाषा तिची होती, फोन तिने उचलला होता आणि कात्री तिच्या हातात होती. चुकीच्या नावावर नोंद करायची नाही, हे तर ती सत्तावीस वर्षे इतरांना शिकवत आली होती.

ती रोपवाटिकेत गेली. माळी म्हणाला, ‘‘मेलं म्हणून लिहा. रोपं मरतात, बाई. त्याची चौकशी होत नाही.’’

‘‘खोटी नोंद?’’

‘‘मग खरी करा. कात्री तिथे आहे.’’

टाचणीने रोपवाटिकेची वही उघडली. त्या क्रमांकासमोर, आजच्या तारखेला, तिच्या त्या सुवाच्य अक्षरात लिहिले: मृत. शाई टिपून वही मिटली. मग कुंडी पिशवीत घातली आणि भरदुपारी दरवाज्यातून बाहेर पडली. पहारेकऱ्याने नमस्कार केला. टाचणीची पिशवी तपासायची कल्पना कुणाच्याही डोक्यात येण्यासारखी नव्हती.

*

तिसऱ्या मजल्यावर मावशीचे यंत्र खिडकीला टेकून होते. खिडकीतून दुसरी खिडकी दिसत होती. मावशीने दार उघडले, कुंडी पाहिली, आणि तोंडातली सुई काढून उशीला टोचली.

‘‘हे काय?’’

‘‘सवतच आहे, मावशी. तिचा डोळा भरला होता, तो धरला.’’

‘‘नको मला.’’

टाचणी दारातच उभी राहिली. तिला बसा कुणी म्हटले नव्हते.

‘‘तुम्ही म्हणालात भिंत राहील,’’ मावशी म्हणाली. आवाज चढला नाही. ‘‘तुम्ही म्हणालात म्हणून मी आत बसून राहिले. यंत्र सोडून बाहेर येऊन तुमचा हात धरायला हवा होता मी. धरला नाही. शिकलेल्या आहेत, म्हटलं, यांना कळत असेल.’’

‘‘चुकले मी.’’

‘‘ते तर दिसतंय. आता हे ठेवून घेतलं की उद्या परत याल. पान मोजाल. फूल आलं की कागदात घालाल. मग आणखी कुणाला घेऊन याल, ते फोटो काढतील. नाही का?’’

ते सगळे खरे होते. ‘‘खाली पाण्याच्या टाकीमागे वीतभर माती आहे,’’ ती म्हणाली. ‘‘भिंतही आहे. मी येताना पाहिली. तिथे लावता येईल. मला दुसरी जागा माहीत नाही, मावशी. आणि दुसरं कुणी माहीत नाही.’’

मावशीने कुंडी हातात घेतली. धुमारा पाहिला, पान उलटून पाहिले, बोटाने काटा दाबून पाहिला.

‘‘फुलेल का?’’

‘‘सांगता येत नाही. फांदी आंधळी होती. तीन वर्षांनी कळेल.’’

‘‘मला कळेल,’’ मावशी म्हणाली. ‘‘तुम्ही यायचं नाही.’’

‘‘निदान फुलली तर कळवाल?’’ टाचणीने विचारले.

‘‘फुलली तर मी कळवणार नाही. मेली तरी कळवणार नाही. या रस्त्यालाच यायचं नाही तुम्ही. कबूल असेल तर ठेवा, नाहीतर न्या परत.’’

जिन्यात कुठेतरी बादलीचा आवाज झाला. टाचणीने आयुष्यभर एकही गोष्ट पडताळून पाहिल्याशिवाय मानली नव्हती. हे झाड तेच आहे का, फुलले का, पाकळीच्या पाठीवर डाग आला का, वास चार हातांवर येतो का: यांतले एकही तिला आता कधी कळणार नव्हते. पडताळणीचा रकाना कायमचा कोरा राहणार होता, आणि रोप इथे ठेवण्याची किंमतच ही होती.

‘‘कबूल,’’ ती म्हणाली.

मावशीने कुंडी आत घेतली आणि खिडकीपाशी, यंत्राच्या पायाजवळ ठेवली. चिंध्यांच्या टोपलीत हात घालून निळ्या कापडाची एक अरुंद कातरण काढली, बोटांत ताणून पाहिली.

‘‘पाणी दिवसाआड,’’ टाचणी दारातून बोलून गेली, ‘‘आणि सुरुवातीला खुंटावरून जे फुटेल ते...’’

‘‘राहू द्या,’’ मावशी पाठमोरीच म्हणाली. ‘‘तिचं मला कळतं. दार ओढून घ्या जाताना.’’